पाणपक्षी टिपताना

बँकेच्या नोकरीत बदलीचा आदेश ऋतुचक्राइतकाच अटळ असतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका आदेशानुसार मी भुवनेश्वरच्या शाखेत रुजू झालो. मुलीच्या शाळेमुळे कुटुंब पुण्यातच राहिले होते आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारला जोडून येणारा रविवार अक्षरशः अंगावर येई. शाखेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी माझ्याजवळचा कॅमेरा पाहिला आणि म्हणाले, “ओडिशात येऊन चिल्का पाहिले नाही, तर येऊन केले काय?” त्यांच्या आग्रहामुळे डिसेंबरातील एका पहाटे मी मंगलाजोडीची वाट धरली. पाणपक्ष्यांच्या छायाचित्रणाचा छंद मला तेथे जडला, आणि त्या छंदातील माझी सर्वांत मोठी चूकही तेथेच झाली. ती चूक सांगितल्याखेरीज या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

चिल्का हे मचूळ पाण्याचे आशियातील सर्वांत मोठे खाजण. उन्हाळ्यात सुमारे नऊशे चौरस किलोमीटर असणारा त्याचा विस्तार पावसाळ्यात साडेअकराशेच्या पुढे जातो. १९८१ साली भारतातील ज्या पहिल्या दोन पाणथळ जागा रामसार यादीत समाविष्ट झाल्या, त्यांपैकी एक चिल्का आणि दुसरी राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव. चिल्कावर दर जानेवारीत पक्षिगणना होते आणि अलीकडच्या अनेक वर्षांत ती दहा लाखांच्या वर गेली आहे. मंगलाजोडी हे खुर्दा जिल्ह्यातील टांगीजवळचे, चिल्काच्या उत्तर काठावरील गाव. भुवनेश्वरपासून अंतर सुमारे ७० किलोमीटर. येथे पाणी उथळ आहे. उंच पाणगवताच्या दाट बेटांमधून अरुंद वाटा काढलेल्या आहेत आणि त्यांतून सपाट बुडाच्या नावा लांब बांबूने रेटत नेतात.

या गावाचा पूर्वेतिहास निराळा आहे. एके काळी येथील अनेक घरांची चूल पक्ष्यांच्या शिकारीवर पेटत असे. बंदूक, जाळी आणि विषारी आमिष, तिन्ही साधने वापरली जात. सन २०००च्या सुमारास काही पर्यावरणप्रेमी कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांतून शिकाऱ्यांनीच शस्त्रे खाली ठेवली आणि ‘श्री श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती’ उभी राहिली. पक्षी कोठे बसतो, केव्हा चरतो, कशाने बिथरतो याचे जे ज्ञान बंदुकीसाठी कमावलेले होते, ते राखणीसाठी आणि पाहुण्यांना पक्षी दाखविण्यासाठी उपयोगात येऊ लागले. माझ्या पहिल्या सहलीत नाव रेटणारे गृहस्थ अशांपैकीच एक होते. साठी उलटलेले, अत्यंत मितभाषी. ओडिया रीतीप्रमाणे मी त्यांना ‘मौसा’ म्हणत असे.

त्या सकाळी पाणगवताच्या एका मोकळ्या जागेत दोनशेच्या आसपास तलवार बदके बसली होती. अंतर असेल साठ-सत्तर मीटर. माझी लेन्स तेथवर नीट पोहोचत नव्हती. “आणखी थोडे जवळ,” मी म्हणालो. मौसांनी नाव हातभर पुढे घेतली. मी पुन्हा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा त्यांनी माझ्याकडे एकवार पाहिले आणि काही न बोलता बांबू रेटला. शेकडो माना एकदम ताठ झाल्या, आणि दुसऱ्या क्षणी सारा थवा उगवत्या सूर्याच्या दिशेने झेपावला. मी बटण दाबून धरले. चित्र अप्रतिम आले. सोनेरी पाणी, हवेत उडालेले तुषार, पंखांची दाटी. त्याची मोठी प्रत काढून चौकटीत बसविली. शाखाधिकाऱ्यांनी ती आपल्या दालनात लावली आणि येणारा प्रत्येक ग्राहक तिचे कौतुक करू लागला.

पुढील हिवाळ्यात मी ते चित्र मोठ्या अभिमानाने मौसांना मोबाइलवर दाखविले. त्यांनी दोन बोटांनी ते मोठे करून डावीकडून उजवीकडे सावकाश पाहिले, आणि म्हणाले, “बाबू, यात एकाही पक्ष्याचा डोळा दिसत नाही. सगळ्या शेपट्या आहेत. आम्हीही त्यांना असेच पाहत होतो, बंदुकीच्या नळीवरून.”

मराठीत ‘टिपणे’ हे क्रियापद शिकारी आणि छायाचित्रकार या दोघांनाही चालते. त्या दिवसापूर्वी हे माझ्या ध्यानात आले नव्हते. पक्ष्याचा डोळा आपल्याकडे असताना त्याला कसे टिपावे, हे त्यानंतरच्या हिवाळ्यांत मी जेवढे शिकलो तेवढेच येथे मांडत आहे.

थव्याच्या माना

तलवार बदके, थापट्या, गडवाल, चक्रांग ही हिवाळी बदके उत्तरेकडील थंड प्रदेशांतून ऑक्टोबर-नोव्हेंबरात येतात आणि मार्चपर्यंत बहुतेक परततात. दिवसा पाण्यावर नुसती बसलेली बदके पाहून नवख्याला वाटते की ही आळशी आहेत, थोडी उडविली तर काय बिघडते? वस्तुतः त्यांपैकी अनेक जाती रात्री चरतात आणि दिवसा विश्रांती घेतात. उड्डाणाला विश्रांतीच्या अवस्थेपेक्षा कित्येक पटींनी अधिक ऊर्जा लागते. परतीच्या हजारो किलोमीटरांच्या प्रवासासाठी अंगावर जी चरबी साठवायची, ती या चार महिन्यांत थेंबाथेंबाने जमा होत असते. आमच्या भाषेत सांगायचे तर ती आवर्ती ठेव आहे, आणि प्रत्येक नाव, प्रत्येक हौशी माणूस तीतून आगाऊ उचल करतो. एका नावेने फारसे बिघडत नाही. पण सुटीच्या दिवशी एकाच थव्यावर एकामागून एक वीस नावा गेल्या, की त्या दिवशीचा हप्ता भरलाच जात नाही.

सुदैवाने बदके न सांगता उडत नाहीत. प्रथम चरणे किंवा पिसे साफ करणे थांबते. मग काठावरच्या दोन-चार पक्ष्यांच्या माना ताठ होतात. ती ताठ मान थव्यात पसरत जाते, पक्षी एकमेकांजवळ सरकतात आणि हळूच आपल्यापासून दूर पोहू लागतात. अखेरीस डोकी झटके दिल्यासारखी हलू लागतात. तेव्हा उड्डाणाला काही क्षणच उरलेले असतात. यातील पहिली ताठ मान दिसताच नाव थांबली पाहिजे. थांबून पाच-दहा मिनिटे निश्चल राहिले, की माना पुन्हा खाली जातात आणि पुष्कळदा तोच थवा चरत चरत आपल्याकडे सरकतो. हा अनुभव मी स्वतः घेईपर्यंत मलाही त्यावर विश्वास नव्हता.

जवळ जायचेच झाल्यास थेट रोखाने जाऊ नये. थव्याला वळसा घालत, तिरप्या दिशेने, आपले लक्ष दुसरीकडेच असल्यासारखे जावे. नावेत उभे राहू नये. बसलेल्या माणसासह येणारी नाव पक्ष्यांना कोळ्याची नाव वाटते. तीच नाव, तोच माणूस उभा राहून हात लांबवू लागला की चित्र पालटते. ‘तो पाहा’ म्हणून बोट दाखविण्याची सवय आपल्याकडे फार, ती घरी ठेवून यावी. भडक किंवा पांढरे कपडे टाळावेत.

पक्षी किती जवळ येऊ देतो हे सर्वत्र सारखे नसते. मंगलाजोडीत शेकाट्या किंवा लांब सरळ चोचीचे मालगुजे नावेपासून काही मीटरांवर निर्धास्त चरताना मी पाहिले आहेत. जेथे अजून चोरटी शिकार होते, अशा एका तलावावर मात्र त्याच जातीची बदके दीडशे मीटरांवरून उडाली. हे अंतर म्हणजे त्या जागी माणसाने पक्ष्यांशी आजवर केलेल्या व्यवहाराची खतावणीच होय.

नावेतील बैठक, वारा आणि ऊन

आता तंत्राकडे वळू. पाणपक्ष्याचे चित्र बिघडण्याचे सर्वांत सामान्य कारण लेन्स नसून उंची हे असते. काठावर उभे राहून खाली पाहत काढलेल्या चित्रात बदक पाण्यावर चिकटविल्यासारखे दिसते आणि मागे नुसते गढूळ पाणी येते. तेच कॅमेरा पाण्यापासून हात-दीड हात उंचीवर आणून काढा. पक्षी समोरासमोर येतो, मागचे गवत दूर जाऊन धूसर होते आणि पाण्यातील प्रतिबिंब पूर्ण मिळते. यासाठी नावेच्या तळाशी बसावे आणि कॅमेरा नावेच्या काठावर टेकवावा. डोलणाऱ्या नावेत ट्रायपॉडचा उपयोग नाही. जाड कापडाची एक रिकामी पिशवी सोबत न्यावी. गावातील दुकानातून दोन किलो तांदूळ घेऊन ती भरावी आणि नावेच्या काठावर ठेवून तिच्यात लेन्स रुतवावी. परत येताना तांदूळ नावाड्याच्या घरी जातात, ओझे वाचते.

वाऱ्याकडे लक्ष देणे हे मी सर्वांत उशिरा शिकलो. विमानाप्रमाणेच पक्षीही उतरताना आणि उडताना वाऱ्याला तोंड देतो. पाण्यावर विसावलेले पक्षीही बहुधा वाऱ्याकडेच तोंड करून बसतात. म्हणून वारा आणि सूर्य हे दोन्ही आपल्या पाठीशी असतील अशी जागा धरली, तर उतरणारा प्रत्येक पक्षी आपल्याकडे तोंड करून, उजेडात न्हाऊन येतो. पाय पुढे, पंख पसरलेले, शेपटी पंख्यासारखी उघडलेली. मी चौकटीत लावलेल्या चित्रात सूर्य समोर होता आणि पक्षी पळत होते. दोन्ही गोष्टी उलट्या!

ऊन पाठीशी असण्याला आणखी एक कारण आहे. थापट्या नराच्या डोक्याचा हिरवा, चक्रांगाच्या पंखावरील पाचूसारखा पट्टा हे केवळ रंगद्रव्याचे रंग नव्हेत. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परावर्तित होऊन ते उमटतात. प्रकाशाचा कोन बदलला की तेच डोके काळे दिसते. त्यामुळे ‘रंग आला नाही’ म्हणून कॅमेऱ्याला दोष देण्याआधी आपण कोठे बसलो होतो ते आठवावे.

सूर्योदयानंतरचे पहिले दीड-दोन तास आणि मावळतीपूर्वीचा तास, एवढाच काळ खरा. साडेनऊ-दहानंतर पाण्यावरची तापलेली हवा थरथरू लागते. मग लाखाची लेन्स असली तरी दूरच्या पक्ष्याची कडा विरघळल्यासारखी येते. आम्ही सुरुवातीला ही लेन्सची खोट समजून दुकानदाराशी वाद घातला होता. बिचाऱ्याने शांतपणे ऐकून घेतले.

कॅमेऱ्याचा हिशेब

उजेडाच्या बाबतीत कॅमेरा एक ठोकळ हिशेब करतो. समोरचे सारे मिळून मध्यम करडे असले पाहिजे असे तो गृहीत धरतो. गडद हिरव्या पाण्यात एक पांढरा बगळा असेल, तर पाण्याकडे पाहून तो उजेड वाढवितो आणि बगळ्याची पिसे जळून कोरा पांढरा ठिपका उरतो. उलट, चकाकत्या पाण्यावर काळा वारकरी पोहत असेल, तर तो उजेड घटवितो आणि पक्ष्याची नुसती सावली येते.

तलवार बदकाचा नर ही तर या बाबतीत परीक्षाच. चॉकलेटी डोके, त्यात तितकाच गडद डोळा, मानेच्या बाजूने वर चढत जाणारी पांढरी रेघ आणि शुभ्र छाती. छाती सांभाळावी तर डोळा हरवतो, डोळा उजळावा तर छाती जळते. अशा वेळी मी छातीची बाजू घेतो. जळलेल्या पांढऱ्यात काहीच माहिती उरत नाही. काळवंडलेल्या भागातून मात्र पुढे संगणकावर बरेच वसूल होते, विशेषतः चित्र ‘रॉ’ स्वरूपात साठविले असेल तर. डोळ्यासाठी खालचे, कोवळे ऊन हवे. ते बुबुळावर एक बारीक ठिणगी उमटविते आणि तेवढ्याने पक्षी जिवंत होतो.

व्यवहारात मी असे करतो : सकाळी उजेड स्थिर झाला की मॅन्युअलवर येतो. पांढऱ्या पिसांचे एखादे चित्र काढून हिस्टोग्राम पाहतो, त्याची उजवी कड भिंतीला टेकू देत नाही, आणि मग तेच माप कायम ठेवतो. पक्षी गडद गवतासमोरून उजळ आकाशासमोर गेला तरी त्याच्यावर पडणारे ऊन तेवढेच असते, म्हणून मापही तेवढेच. ढग आला तर पुन्हा पाहायचे. बसलेल्या पक्ष्यासाठी, नाव डोलते म्हणून, शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली आणत नाही. उडत्या बदकासाठी १/२००० किंवा त्याहून अधिक लागतो, कारण बदकांची पंखझडप फार जलद असते. त्यासाठी आयएसओ वाढवावा लागला तर खुशाल वाढवावा. चित्रातील थोडे दाणे सुसह्य असतात, हललेला डोळा नव्हे.

साधनसामग्रीविषयी मला वारंवार विचारले जाते, म्हणून थोडक्यात. ४०० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स पुरेशी सुरुवात आहे आणि वापरलेली, सुस्थितीतील लेन्स घेण्यात कमीपणा नाही. मोठ्या शहरांत लेन्स भाड्यानेही मिळतात. वर्षातून दोनदा जाणाऱ्याने विकत घेण्यापूर्वी गणित मांडून पाहावे. साठ-ऐंशीपट झूम असलेले छोटे कॅमेरे चांगल्या उन्हात आश्चर्यकारक काम देतात, ढगाळ हवेत मात्र हात टेकतात. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांचे दोन फायदे निर्विवाद आहेत. ते पक्ष्याचा डोळा आपण होऊन शोधतात आणि आवाज न करता चित्र घेतात. फक्त काही कॅमेऱ्यांत या निःशब्द पद्धतीने जलद पंख वाकडे-तिकडे येतात, हे आधी तपासून पाहावे.

वाट पाहण्याचे मोल

पक्षी उडवायचा नाही असे ठरविल्यावर मित्र विचारतात, मग पंख उघडलेले चित्र मिळायचे कसे? त्याचे उत्तर बदकाच्या स्नानात आहे. बदक आधी मान बुडवून पाठीवर पाणी घेते, पंख आपटून तुषार उडविते, मग बराच वेळ चोचीने एकेक पीस सारखे करते. आणि हे सारे आटोपले की बहुधा पाण्यावर उभे राहिल्यासारखे ताठ होऊन दोन-चार वेळा पंख झडझडून फडकविते. तो क्षण सेकंद-दोन सेकंदांचा, पण त्याची सूचना दहा मिनिटे आधी मिळालेली असते. स्नान सुरू झालेले दिसले की फोकस त्या पक्ष्यावर ठेवावा, पसरणाऱ्या पंखांसाठी चौकटीत दोन्ही बाजूंना आणि वर जागा सोडावी आणि थांबावे. पक्षी कोठेही पळत नसतो, कोणाला भीत नसतो.

उडत्या थव्याचे चित्रही निसर्ग आपण होऊन देतो. पाणगवतावरून दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी तरंगत जातो तेव्हा त्याच्या वाटेवरची बदके भराभर उठतात आणि तो गेल्यावर पुन्हा तेथेच उतरतात. संध्याकाळी चरायला निघणाऱ्या रांगा तर रोजच्याच. या उड्डाणांचा भार आपल्या माथी नसतो. उठण्याची तऱ्हाही पाहण्यासारखी आहे. पृष्ठभागावर चरणारी तलवार बदके, गडवाल, चक्रांग पाण्यातून जवळजवळ सरळ वर उसळतात. बुडी मारणारी शेंडी बदके मात्र पाण्यावर पाय आपटीत लांबवर धावतात आणि मग उचलली जातात. दुसऱ्या प्रकाराला चौकटीत समोर भरपूर जागा लागते.

फार लवकर, म्हणजे ऑक्टोबरात गेले तर आणखी एक निराशा वाट्याला येते. तेव्हा बरेच नर मादीसारख्याच मळकट तपकिरी पिसांत असतात. वर्षातून एकदा उड्डाणाची पिसे गळतात, त्या काळापुरता धारण केलेला हा साधा वेष अंगावरून उतरायला डिसेंबर उजाडतो. मला स्वतःला जानेवारीचा उत्तरार्ध सर्वांत आवडतो. तरीही माद्यांकडे कॅमेरा न वळविणाऱ्या मंडळींचे मला नवल वाटते. गडवाल मादीच्या अंगावरील तपकिरी खवल्यांची वीण एखाद्या जुन्या पैठणीच्या काठाइतकी नजर धरून ठेवते.

आपल्या जवळपास

आपल्या बँकेच्या शाखा जेथे आहेत, त्यांपैकी बहुतेक ठिकाणांहून एका दिवसात गाठता येईल असे एखादे पाणथळ असतेच. महाराष्ट्रात उजनीच्या पाणफुगवट्यावरील भिगवण, जायकवाडी आणि २०२० साली राज्यातील पहिले रामसार स्थळ ठरलेले नांदूर मधमेश्वर. गुजरातेत नल सरोवर. हिमालयावरून उडत येणारे पट्टकादंब हंस पाहायचे असतील तर हिमाचलातील पोंग धरण किंवा कर्नाटकात गदग जिल्ह्यातील मागडी तलाव. हे हंस शेतात चरतात. तेथे पायी जाण्यापेक्षा रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या मोटारीच्या खिडकीतून, इंजिन बंद करून चित्रे घ्यावीत. मोटारीला पक्षी माणसाइतके भीत नाहीत. पक्ष्यांच्या मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ जवळ असावा. नाव कळले की ओळख राहते.

काही ठिकाणी रोहित पक्ष्यांचे गुलाबी पंख दिसावेत म्हणून पर्यटकच नावाड्याला थवा उठवायला सांगतात. नावाडी बिचारा नकार कसा देणार, पुढचे गिऱ्हाईक त्याच्यावरच ठरते. तेव्हा नावेत बसण्यापूर्वीच “पक्षी उठवायचा नाही, चित्र नाही मिळाले तरी चालेल” एवढे आपणहून सांगावे. त्याचा चेहरा किती मोकळा होतो ते पाहावे. कुरव पक्ष्यांना फरसाण टाकून जवळ बोलाविणे, परवानगीवाचून अभयारण्यात ड्रोन उडविणे, घरट्याभोवतीची पाने दूर करणे हे तर मुळीच करू नये.

भरतपूरला मी दोन वर्षांपूर्वी गेलो. सायकल-रिक्षा चालविणारेच तेथे वाटाडे असतात आणि त्यांची नजर थक्क करणारी असते. केवलादेव मंदिराजवळ जुन्या शिकारींची नोंद कोरलेली एक शिळा आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्यासाठी १९३८ साली झालेल्या शिकारीत एका दिवसात ४२७३ पक्षी मारल्याचा आकडा तीवर आहे. दिवसभरात मीही काही कमी चित्रे काढली नव्हती. कॅमेऱ्यातील आकडा पाहिला, १८००च्या पुढे. त्या शिळेसमोर उभा असताना ती संख्या फारशी भूषणावह वाटली नाही. रात्री खोलीवर बसून त्यांतील नऊ ठेवली.

भुवनेश्वरहून बदली होण्यापूर्वी फेब्रुवारीत मंगलाजोडीची शेवटची फेरी झाली. तोवर तीन हिवाळ्यांत मनासारखे एक चित्र मिळाले होते. स्नान आटोपून पंख फडकविणारा तलवार बदकाचा नर, मान किंचित कॅमेऱ्याकडे वळलेली. त्याची एक प्रत मी मौसांसाठी नेली होती. त्यांनी ओले हात गमछ्याला पुसले, प्रत उन्हाकडे धरली आणि प्रथम पक्ष्याच्या डोळ्यावर अंगठ्याचे नख ठेवले. मग मागच्या गवताकडे बराच वेळ पाहून म्हणाले, “ही जागा दुसऱ्या वळणाच्या पलीकडची. तेथे तुम्ही पाऊण तास बसला होतात, मला भूक लागली होती.”

शाखाधिकाऱ्यांच्या दालनातील चौकट अजून तेथेच आहे, असे कळते. तीत आता नवे चित्र आहे. जुने अधिक भव्य होते, असे काही ग्राहक म्हणतात.